लॅपटॉपवरच्या हाय-रेझ फाइली वायफायवरून हॉलमध्ये: गाणं का अडखळतं आणि कुठून सुरुवात करावी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लॅपटॉप आतल्या खोलीत आहे, त्याला लावलेल्या हार्डडिस्कवर ९६ आणि १९२ किलोहर्ट्झच्या २४ बिट फ्लॅक फाइली आहेत (सीडीपेक्षा बारकाईने टिपलेला, म्हणजे ‘हाय-रेझ’ आवाज, काहीही न गमावता आवळलेला), आणि ऐकायचं आहे हॉलमधल्या अँप्लिफायरवर. आधी ब्लूटूथ रिसीव्हर लावलात. गाणी न तुटता वाजली, पण आवाजात जीव वाटला नाही. मग आत डॅक (आकड्यांचा आवाज करणारा भाग) असलेला नेटवर्क प्लेअर घेतलात आणि तो वायफायला जोडलात. आता आवाज आवडतो, पण १९२ च्या फाइली दर थोड्या वेळाने अडखळतात आणि रात्री तर जास्तच. लॅपटॉपही वायफायवरच आहे. इंटरनेट १०० एमबीपीएसचं आहे. तेव्हा प्लॅन वाढवावा, नवा राउटर घ्यावा, की घरभर केबल ओढावी, असं तुम्ही विचारलंत.

प्लॅन वाढवू नका, हे आधी सांगून टाकतो. तुमच्या फाइली घरातल्या घरात फिरतात: लॅपटॉपवरून राउटरला, राउटरवरून प्लेअरला. बाहेरून येणारी इंटरनेटची तार आत्ता उपसून काढली तरी गाणं वाजत राहील. करूनच बघा. तरीही तसंच अडखळलं, तर निदान इंटरनेटवरचा संशय तरी कायमचा फिटेल. नव्या राउटरचंही एवढ्यात ठरवू नका. मी बरीच वर्षं लोकांच्या घरी जाऊन ऑडिओ सिस्टिम लावून देतो, आणि अशा तक्रारीत राउटर बदलावा लागला अशी उदाहरणं थोडी आहेत. जागा किंवा जोडणी बदलून काम भागलं अशी पुष्कळ.

थोडं गणित करू, कारण त्याने अर्धी भीती जाते. सीडीचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, डावा आणि उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला की साधारण १.४ एमबीपीएस होतात. ९६/२४ ला ४.६ आणि १९२/२४ ला ९.२ एमबीपीएस. हे झालं कच्च्या आवाजाचं. फ्लॅक काहीही न गमावता तो आवळून बहुतेक वेळा निम्म्या ते दोन-तृतीयांशावर आणतं, म्हणजे तुमच्या सर्वांत जड फाइलीलाही पाच-सहा एमबीपीएस सहसा पुरतात. साधारण ठीक सिग्नल असलेलं कुठलंही ५ गिगाहर्ट्झचं वायफाय याच्या कितीतरी पट वाहून नेतं. तेव्हा रस्ता अरुंद नाही. अडचण ही आहे की तो मधेच बंद पडतो. अर्धा सेकंद, कधी दोन सेकंद. वेग मोजणारं अॅप सरासरी दाखवतं आणि त्या सरासरीत हे खड्डे दिसत नाहीत, म्हणून ‘स्पीड तर भरपूर येतोय, मग गाणं का तुटतं?’ हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो.

आता ब्लूटूथ. ९६/२४ ची फाइल त्या वाटेने जशीच्या तशी पोचूच शकत नाही. ब्लूटूथवर सगळीकडे चालणारं एसबीसी कोडेक (आवाज आवळायची पद्धत) सव्वातीनशे केबीपीएसच्या आसपास चालतं (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस), अॅप्टएक्स एचडी ५७६ वर, आणि एलडीएसी अगदी जोरात असलं तर ९९० वर. तुमच्या ९६ च्या फाइलीला कच्च्या रूपात ४,६०८ लागतात. म्हणजे एलडीएसीसुद्धा पाचातला एक भाग पाठवतं आणि उरलेलं कानाला कमी जाणवेल अशा बेताने गाळतं. रिसीव्हरच्या खोक्यावर ‘हाय-रेझ’ लिहिलेलं असतं ते खोटं नसतं, पण त्याचा अर्थ एवढाच की तो ९६/२४ चा सिग्नल स्वीकारतो. मधल्या वाटेवर काय गाळलं जातं ते तिथे लिहिलेलं नसतं. त्यातून विंडोज आणि मॅक या दोन्हींत एलडीएसी मुळातून येत नाही, तेव्हा तुमचा लॅपटॉप बहुधा एसबीसी किंवा एएसीवरच बोलत होता. हे गाळणं कानाला किती कळतं ते रेकॉर्डिंगवर, स्पीकरवर आणि ऐकणाऱ्यावर अवलंबून आहे. स्वयंपाकघरात काम करताना ऐकायला मी स्वतः ब्लूटूथच वापरतो. पण इतक्या जपून जमवलेल्या फाइली शांत बसून ऐकायच्या असतील तर ती वाट सोडलीत ते बरोबर केलंत.

नेटवर्क प्लेअरने मूळ पद्धतच बदलते आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ब्लूटूथमध्ये लॅपटॉप गाणं उलगडतो, विंडोजच्या मिक्सरमधून (सगळे आवाज एकत्र करणाऱ्या भागातून) काढतो, पुन्हा आवळतो आणि ढकलत राहतो. नेटवर्क प्लेअर ज्या यूपीएनपी किंवा डीएलएनए पद्धतीने घरातल्या नेटवर्कवरून फाइली घेतो, तीत लॅपटॉप गाणं वाजवतच नाही. तो फक्त फाइलींचं कपाट उघडं ठेवतो, हे काम करणारं त्यातलं सॉफ्टवेअर म्हणजे सर्व्हर. फोनवरचं अॅप प्लेअरला सांगतं की अमुक फाइल अमुक पत्त्यावर आहे. मग प्लेअर स्वतः जाऊन ती फाइल तुकड्या-तुकड्यांनी ओढून आणतो, आपल्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठवतो आणि स्वतःच्या घड्याळाच्या ठोक्यावर वाजवतो. फोनमध्येच साठवलेली फाइल वाजवत नसाल तर आवाजाचा एक बिटही फोनमधून जात नाही. गाणं लावून फोन बंद केलात तरी निदान चालू गाणं पूर्ण होतं.

यातून एक गोष्ट निघते, ती नीट लक्षात घ्या. तुकडा वाटेत हरवला तर तो पुन्हा मागवला जातो. म्हणून फाइल एक तर बिटन् बिट जशीच्या तशी पोचते, नाहीतर वेळेत पोचत नाही आणि गाणं तुटतं. वायफायमुळे आवाज थोडा कोरडा झाला, बास पातळ झाला, असं या पद्धतीत होत नाही. तसं वाटलं तर कारण दुसरीकडे शोधा: सर्व्हर फाइल बदलून पाठवतोय का, प्लेअरमधला इक्वलायझर चालू आहे का, व्हॉल्यूम वेगळा आहे का. आणि गाणं तुटत असेल तर आवाजाच्या दर्जाशी त्याचा संबंध जोडू नका, तो वेळेत न पोचण्याचा प्रश्न आहे.

मग वेळेत का पोचत नाही? तुमच्या वर्णनात मला सगळ्यात आधी खटकलं ते हे की लॅपटॉपही वायफायवर आणि प्लेअरही वायफायवर. लॅपटॉप थेट प्लेअरशी बोलत नाही, मधे राउटर आहे. म्हणजे तीच फाइल हवेतून दोनदा जाते. आणि वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. लॅपटॉप पाठवत असताना प्लेअरला थांबावं लागतं, घरातले फोन आणि टीव्ही रांगेत असतात, आणि शेजारचा राउटर त्याच चॅनेलवर असेल तर त्याचीही पाळी मधे येते. लांबच्या खोलीतला कमकुवत सिग्नलचा एखादा फोन हळूहळू बोलतो आणि आपल्या वाट्यापेक्षा जास्त वेळ खातो. रात्री सगळेच घरी असतात, व्हिडिओ चालू असतात, रांग लांबते. रात्री जास्त अडखळतं असं तुम्ही लिहिलंत त्याचा उलगडा मला इथेच दिसतो.

म्हणून माझा पहिला सल्ला: घरभर केबल नको, एकच केबल घाला. लॅपटॉप ते राउटर. साधी लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, घरात तेवढी लांबी कधी लागत नाही. लॅपटॉपला लॅनची खाच नसेल तर यूएसबीवर लागणारा अडॅप्टर मिळतो. एवढ्याने हवेतली वाहतूक निम्मी होते आणि प्लेअरकडचा एकच टप्पा बिनतारी राहतो. लोक उलटं करायला जातात, प्लेअर हॉलमध्ये शोभेच्या जागी असतो म्हणून लॅपटॉपकडे कोणी बघत नाही. पण दोन्हींतलं कुठलंही एक टोक तारेवर आलं तरी फायदा तेवढाच. तुमच्याकडे राउटर हॉलमध्ये प्लेअरच्या शेजारी असेल तर प्लेअरलाच तार लावा, ते आणखी सोपं. रिपीटर लावून सिग्नल वाढवायचा विचार मात्र सध्या नको. बरेचसे रिपीटर त्याच रेडिओवर ऐकतात आणि त्याच रेडिओवर पुन्हा बोलतात, म्हणजे हवेतली आणखी एक फेरी वाढते.

दुसरी गोष्ट, प्लेअर वायफायच्या कुठल्या पट्ट्यावर आहे, २.४ की ५ गिगाहर्ट्झ, ते पाहा. राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि प्लेअर मुकाट्याने २.४ गिगाहर्ट्झ धरून बसतो. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि दाट वस्तीत ते तिन्ही भरलेले असतात. राउटरच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव द्या आणि प्लेअर त्यालाच जोडा. मधे जाड भिंती असतील तर ५ गिगाहर्ट्झ लवकर दमतं, तिथे २.४ चा एखादा मोकळा चॅनेल जास्त भरवशाचा ठरू शकतो. हे घर बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाही, तुम्हालाच दोन्ही लावून पाहावं लागेल. चॅनेलची रुंदी ८० मेगाहर्ट्झ असेल तर ४० करून बघा. कमाल वेग घटेल, पण आपल्याला सहा एमबीपीएस हवेत, सहाशे नकोत. चॅनेल जितका अरुंद तितकी शेजाऱ्यांशी टक्कर कमी.

५ गिगाहर्ट्झवर एक विचित्र प्रकार होतो. गाणं अडखळत नाही, एकदम एखादं मिनिट गप्प होतं आणि मग आपोआप सुरू होतं. या पट्ट्यातले मधले बरेच चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. राउटरला रडारचा सिग्नल जाणवला की त्याला तो चॅनेल सोडावाच लागतो, आणि तशाच दुसऱ्या चॅनेलवर जायचं तर आधी साधारण मिनिटभर नुसतं ऐकत थांबावं लागतं. ३६ ते ४८ मधला चॅनेल हाताने ठरवून दिला की बहुतेक ठिकाणी हे संपतं. तुमचं लक्षण हे नाही, पण पुढे कधी झालं तर आठवा.

आता हार्डडिस्क. तुम्ही ती ओझरती लिहिली आहे, पण मला तिच्याबद्दल विचारायचं आहे: ती यूएसबी ३ ची आहे का, आणि लॅपटॉपच्या कोणत्या बाजूला असते? एका घरी मी दोन संध्याकाळी घालवल्या. फाइली ठीक, राउटर ठीक, प्लेअर ठीक, आणि गाणं दर दोन-तीन मिनिटांनी तुटे. लॅपटॉपला एकाशेजारी एक दोन खाचा होत्या. एकीत नखाएवढा वायफायचा डोंगल (यूएसबीत खोचायचा वायफाय अडॅप्टर), दुसरीत निळ्या टोकाच्या आखूड वायरने लावलेली डिस्क, आणि ती वायर डोंगलला टेकून गेलेली. मी फोनवर एक आलेख लावून ठेवला होता. गाणं सुरू केलं, डिस्क फिरू लागली आणि वायफायची रेघ खाली बसली. डिस्क काढून पेन ड्राइव्हवरची फाइल लावली, रेघ वर. शेवटी डोंगल हातभर एक्स्टेन्शन वायरवर घेऊन टेबलाच्या दुसऱ्या कडेला ठेवला. त्या घरातली तक्रार तिथे संपली. यूएसबी ३ च्या वायरीतून आणि जोडातून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. तरी आजही डिस्क आणि डोंगल शेजारी-शेजारी लावलेले मी नेहमी बघतो.

काहीही बदलण्याआधी तीन चाचण्या घ्या, एका संध्याकाळचं काम आहे. जी १९२ ची फाइल हमखास तुटते ती पेन ड्राइव्हवर घेऊन थेट प्लेअरला लावा. तिथेही तुटली तर नेटवर्क निर्दोष आहे, प्लेअरलाच १९२ झेपत नाही किंवा फाइल खराब आहे. तिथे नीट वाजली तर त्याच गाण्याची सीडी दर्जाची प्रत बनवा आणि वायफायवरून वाजवा. तीही तुटत असेल तर वेगाचा काहीच संबंध नाही, जोडणी पूर्ण तुटते आहे: चॅनेल, अंतर किंवा झोपी जाणारं काहीतरी. ती नीट वाजली आणि फक्त १९२ तुटत असेल तर खड्डे छोटे आहेत, प्लेअरचा बफर सीडीच्या फाइलीला ते ओलांडू देतो, १९२ ला नाही. कच्चा १९२/२४ सेकंदाला १.१५ मेगाबाइट (म्हणजे तेच ९.२ मेगाबिट) खातो, म्हणजे जो बफर सीडीला सहा-सात सेकंद पुरतो तो इथे सेकंदाभरात रिकामा होतो. तिसरी चाचणी, गाणं चालू असताना लॅपटॉपवरून राउटरला आणि मग प्लेअरला पाच-पाच मिनिटं पिंग करत राहा (पिंग म्हणजे छोटी हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं). सरासरी बघू नका, अधूनमधून उसळणारे आकडे बघा. दोन-चार मिलिसेकंदांच्या ओळींमध्ये मधेच आठशेची ओळ किंवा उत्तरच नाही असं दिसलं आणि त्याच क्षणी गाणं तुटलं, तर चोर सापडला. राउटरपर्यंतचा आकडा उसळत असेल तर लॅपटॉपची बाजू दोषी. तो शांत आणि प्लेअरचा उसळता असेल तर हॉलची बाजू.

झोपी जाण्याबद्दल: लॅपटॉपच्या दृष्टीने तो रिकामा बसलेला असतो, कारण वाजवणारा तो नाही. म्हणून तो स्लीपमध्ये जातो, डिस्क थांबवतो, वायफाय कार्डची वीज वाचवतो. या तिन्ही सेटिंग पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन बंद करा, झाकण मिटल्यावर काय करायचं तेही. गाणं सुरू व्हायला आठ-दहा सेकंद लागतात आणि मग ठीक चालतं, असं होत असेल तर ती थांबलेली डिस्क पुन्हा फिरायला घेते ती वेळ.

सर्व्हरचं सॉफ्टवेअर कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. मिनिमसर्व्हर, जेलीफिन, लिरियन, सगळी चालतात. लिरियनवर माझा विशेष जीव आहे. २००१ मध्ये एका छोट्या नेटवर्क प्लेअरसोबत ते जन्मलं, तो प्लेअर बनवणारी कंपनी लॉजिटेकने २००६ मध्ये विकत घेतली, २०१२ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं, आणि तरी हौशी मंडळींनी ते आजपर्यंत जिवंत ठेवलं आहे. कोणतंही घ्या, एक सेटिंग मात्र तपासा: सर्व्हर मूळ फाइल पाठवतोय की वाटेत एमपीथ्री किंवा दुसऱ्या सॅम्पल रेटमध्ये (सेकंदाला किती नमुने त्या आकड्यात) बदलून. काही सर्व्हर प्लेअर ओळखता आला नाही की सुरक्षित मार्ग म्हणून बदलून पाठवतात आणि कुठे सांगत नाहीत. प्लेअरच्या पडद्यावर सॅम्पल रेट दिसत असेल तर १९२ ची फाइल लावून तो आकडा वाचा. ४८ दिसलं तर मधे कोणीतरी हात लावतोय. एअरप्ले (ॲपलची बिनतारी आवाज पाठवायची सोय) वापरून लॅपटॉपवरून आवाज ढकललात तर १९२ पोचत नाही, तिथे साधारण सीडीच्या पातळीवर थांबावं लागतं. अखंड मैफलीचं रेकॉर्डिंग वेगवेगळ्या ट्रॅकमध्ये असेल तर दोन ट्रॅकच्या मधे टाळ्या क्षणभर कापल्या जातात का तेही ऐका. ती वायफायची चूक नाही. पुढची फाइल आधीच सांगून ठेवायची सोय अॅप आणि प्लेअर दोघांत लागते.

पुढेमागे लॅपटॉप या कामातून मोकळा करावासा वाटला तर राउटरजवळ एखादा छोटा संगणक आणि डिस्क तारेने जोडून ठेवा. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त संगणक) घेणार असाल तर चौथ्या पिढीचा किंवा पुढचा घ्या. तिसऱ्यापर्यंतच्या मॉडेलमध्ये लॅन आणि यूएसबी एकाच यूएसबी २ च्या वाटेवर आहेत. नुसतं संगीत वाहायला तेही पुरतं, पण त्याच वेळी डिस्कवर नव्या फाइली टाकायला घेतल्यात की ओढाताण होते.

आणि १९२ खरंच हवं का, हे तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगतो. ९६ किलोहर्ट्झमध्ये ४८ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर मावतात, माणसाचा कान २० च्या आसपास थांबतो. २०१६ मध्ये ध्वनी-संशोधक जोशुआ रीस यांनी अशा ऐकण्याच्या १८ प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला. त्यात सीडीच्या पातळीचा आणि त्याहून वरचा आवाज ओळखण्यात लोक एकूण ५२.३ टक्के वेळा बरोबर आले, म्हणजे नुसत्या अंदाजापेक्षा थोडंच जास्त. शिकून बसलेल्या कानांना मात्र त्याहून अधिक जमलं. मूळ १९२ च्या फाइली जपून ठेवा, पण लॅन केबल घालणं शक्यच नसेल तर ऐकण्यासाठी त्यांच्या ९६/२४ प्रती करा. ओझं निम्म्याच्या आसपास येतं आणि माझ्या कानाला तरी काही हरवल्यासारखं वाटलेलं नाही. तुमच्या कानाला काय वाटतं ते दोन्ही प्रती एकाच व्हॉल्यूमला लावून, कोणती चालू आहे ते न बघता ठरवा.

तर आधी पेन ड्राइव्हची चाचणी, मग लॅपटॉप ते राउटर केबल, मग प्लेअर ५ गिगाहर्ट्झवर आणि डिस्क वायफायच्या अँटेनापासून लांब. प्रत्येक बदलानंतर तीच फाइल पूर्ण ऐका आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही. एवढं करूनही रात्री तुटलंच तर पिंगच्या त्या पाच मिनिटांतल्या उसळ्या, राउटरचं मॉडेल आणि राउटर ते प्लेअर मधे किती भिंती आहेत तेवढं लिहून पाठवा, पुढचं त्यावरून बघू.